टेबल माउंटनवरचा ढग पाहून खलाशी सावध का होतात? डोंगराच्या पायथ्याशी नांगर टाकण्याचं शास्त्र

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. मागे टेबलासारखा सपाट डोंगर, त्याच्या कडेवरून खाली ओसंडणारा पांढराशुभ्र ढग आणि समोर निळाशार समुद्र. तिथले लोक या ढगाला 'टेबलक्लॉथ' म्हणतात, म्हणजे टेबलावर पसरलेली चादर.

पर्यटक हा ढग दिसला की मोबाइल काढतात. समोरच्या समुद्रात बोट नांगरून बसलेला खलाशी मात्र आधी आपल्या नांगराची साखळी तपासतो. कारण हा ढग आला म्हणजे डोंगरावरून जोराचा वारा खाली कोसळणार, हे त्याला ठाऊक असतं.

डोंगराच्या कुशीतला समुद्र म्हणजे सुरक्षित समुद्र, असं आपल्याला वाटतं. टेबल बेचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास वेगळंच सांगतो. इथे शेकडो जहाजं बुडाली, आणि त्यातली अनेक भर समुद्रात नाही, तर नांगर टाकून उभी असताना किनाऱ्यावर आपटून फुटली.

मग अशा उघड्या उपसागरात शिडाची बोट सुरक्षित उभी करायची तर कशी? नांगर नेमका काम कसा करतो? आणि कितीही भारी नांगर असला तरी तिथून निघून जाणंच शहाणपणाचं कधी असतं? समजून घेऊया.

टेबल बे 'उघडा' का आहे?

नकाशात पाहिलं तर टेबल बे हा जमिनीत शिरलेला समुद्राचा अर्धगोल आहे. त्याच्या दक्षिणेला सुमारे १,०८५ मीटर उंचीचा टेबल माउंटन आणि त्याच्या शेजारी डेव्हिल्स पीक. पूर्वेला आणि ईशान्येला लांबलचक वाळूचा किनारा. तोंडाशी रॉबेन आयलंड, जिथल्या तुरुंगात नेल्सन मंडेला यांनी १८ वर्षं काढली.

वायव्येची बाजू मात्र मोकळी. तिथून थेट अटलांटिक महासागर सुरू होतो.

खलाशांच्या भाषेत 'उघडा' उपसागर म्हणजे ज्याच्या एका किंवा अधिक दिशांना वारा आणि लाटा अडवायला काहीच नाही असा. त्यामुळे एखादी जागा सुरक्षित आहे का, हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा, की कोणत्या दिशेच्या वाऱ्यात ती सुरक्षित आहे?

टेबल बेमध्ये दोन वारे महत्त्वाचे आहेत. पहिला उन्हाळ्यातला आग्नेय वारा. दक्षिण गोलार्धात उन्हाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. दुसरा हिवाळ्यातला वायव्य वारा. हे दोन्ही वारे जवळपास विरुद्ध दिशांनी येतात आणि दोघांचे धोकेही वेगळे आहेत.

ढगाची चादर नेमकी काय सांगते?

आग्नेय वारा डोंगराच्या मागच्या बाजूने, समुद्रावरची ओल घेऊन येतो. वाटेत डोंगर आडवा आला की हवा वर चढते. वर जाताना ती थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचा ढग बनतो. डोंगर ओलांडून हवा शहराच्या बाजूला खाली उतरते तेव्हा ती पुन्हा तापते आणि ढग विरून जातो. म्हणूनच ही चादर टेबलाच्या कडेवरून लोंबते, पण जमिनीपर्यंत कधी पोचत नाही.

ढग विरतो, वारा मात्र विरत नाही. तो उतारावरून घसरत, कड्यांना आणि घळींना धडकत समुद्रावर येतो. डेव्हिल्स पीकच्या आसपास तर त्याचा जोर इतका असतो, की शहरातल्या रस्त्यावर चालणाऱ्यालाही तोल सावरावा लागतो. शहरातला धूर आणि घाण हवा तो उडवून नेतो, म्हणून केप टाउनकरांनी त्याला 'केप डॉक्टर' असं लाडाचं नाव दिलंय. नांगरलेल्या बोटीसाठी मात्र हा डॉक्टर जरा कडक हाताचा आहे.

डोंगर वारा अडवतो की वाढवतो?

दोन्ही करतो, आणि अडचण तिथेच आहे. डोंगराखाली उभ्या बोटीला चार गोष्टींचा सामना करावा लागतो.

पहिली, झोत. मोकळ्या समुद्रावर वारा बऱ्यापैकी एकसारखा वाहतो. डोंगराच्या आडोशाला मात्र दोन मिनिटं शांतता आणि मग अचानक जोराचा तडाखा, असा खेळ चालतो. बोट नांगराभोवती डावीउजवीकडे झोके घेते आणि नांगरावर दर वेळी वेगळ्या दिशेने ओढ बसते. एकाच दिशेच्या सततच्या ओढीपेक्षा हे झटके नांगराला लवकर उपटतात.

दुसरी, रात्रीचा बदल. शाळेच्या भूगोलात वाचलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याला डोंगर असेल तर रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि दरीतून खाली वाहत येते. म्हणजे दुपारी एका बाजूला तोंड करून उभी असलेली बोट मध्यरात्री उलट दिशेला फिरलेली असू शकते.

तिसरी, तळ. जिथे जमिनीवर डोंगर तीव्र उताराचा असतो, तिथे अनेकदा पाण्याखालचा उतारही तसाच असतो. नांगर टाकण्याजोगं उथळ पाणी मग किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यातच मिळतं. सगळ्या बोटी किनाऱ्याच्या नको तितक्या जवळ गर्दी करतात.

चौथी, झाकलेलं आभाळ. डोंगर ज्या बाजूला असतो त्या बाजूचं हवामान दिसत नाही. ढग डोक्यावर आल्यावरच कळतात.

खरा मारेकरी कोण?

आग्नेय वारा त्रासदायक असला तरी टेबल बेमध्ये तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. नांगर निसटलाच तर बोट बहुधा मोकळ्या पाण्याकडे ढकलली जाते. चूक सुधारायला थोडा वेळ मिळतो.

हिवाळ्यातला वायव्य वारा मात्र तो वेळ देत नाही. अटलांटिकवरून थंड हवेचे पट्टे येतात, सोबत समुद्रावर लांबवर तयार झालेल्या मोठ्या लाटा आणतात आणि त्या थेट उपसागरात शिरतात. वारा किनाऱ्याकडे ढकलत असतो. नांगर निसटला की मागे असते ती वाळू, खडक आणि फुटणाऱ्या लाटा. ज्या किनाऱ्याकडे वारा ढकलतो तो किनारा खलाशांना वादळापेक्षाही जास्त भीतीदायक वाटतो, तो याचमुळे.

१७ व्या शतकापासून डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं युरोप आणि आशियाच्या मधला थांबा म्हणून इथे नांगर टाकायची. खरं तर केप टाउनच्या जन्मामागेही एक फुटलेलं जहाज आहे. १६४७ मध्ये 'न्यू हार्लेम' हे डच जहाज टेबल बेच्या किनाऱ्यावर अडकलं. त्यातली काही माणसं जवळपास वर्षभर इथेच राहिली. परत गेल्यावर त्यांनी या जागेची शिफारस केली आणि १६५२ मध्ये यान फान रीबेक इथे कंपनीचं ठाणं वसवायला आला.

ठाणं वसलं, पण बंदराला भिंत नव्हती. मे १७३७ मध्ये वायव्येच्या वादळाने कंपनीच्या परतीच्या ताफ्यातली बहुतेक जहाजं किनाऱ्यावर आपटवली आणि २०० हून अधिक माणसं मेली. त्यानंतर १७४० च्या दशकात कंपनीने नियम केला. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जहाजांनी टेबल बेमध्ये थांबायचं नाही. द्वीपकल्पाच्या दुसऱ्या बाजूला, फॉल्स बेमधल्या सायमन्स बेमध्ये जायचं. तिथे वायव्येच्या वाऱ्याला डोंगर आडवा येतो.

म्हणजे डोंगरांची तीच रांग. तिच्या एका बाजूला तो वारा मारतो आणि दुसऱ्या बाजूला आसरा देतो.

वोल्टेमाडे आणि त्याचा घोडा

नियम झाला, तरी सगळ्यांनी तो पाळला असं नाही. १ जून १७७३ रोजी, म्हणजे ऐन बंदीच्या काळात, 'यॉन्गे थॉमस' हे कंपनीचं जहाज टेबल बेमध्येच होतं. वायव्येच्या वादळात ते नांगरासह ओढलं गेलं आणि सॉल्ट रिव्हर नदीच्या मुखाजवळ किनाऱ्याला लागून फुटलं.

किनारा अगदी डोळ्यांसमोर होता. पण मधल्या थंडगार, उसळत्या पाण्यातून पोहणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. किनाऱ्यावर सैनिक हजर होते, पण त्यांचं मुख्य काम वाहून येणारा माल चोरीला जाऊ नये हे पाहणं होतं.

वोल्राड वोल्टेमाडे हा कंपनीचा वयस्क नोकर तिथे घोड्यावरून आला. त्याने घोडा लाटांमध्ये घातला. दर खेपेला दोन माणसं घोड्याला धरून किनाऱ्यावर यायची. अशा सात खेपांत त्याने १४ जणांना वाचवलं. आठव्या खेपेला जहाज मोडायला लागलेलं पाहून घाबरलेल्या अनेकांनी एकदम घोड्याकडे झेप घेतली. घोडा आणि वोल्टेमाडे, दोघेही बुडाले. जहाजावरच्या जवळपास २०० माणसांपैकी जेमतेम पन्नासेक वाचली.

त्या काळात केपमध्ये असलेले स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल पीटर थुनबर्ग यांनी ही हकिगत लिहून ठेवली, म्हणून ती आज माहीत आहे. पुढे कंपनीने आपल्या एका जहाजाला वोल्टेमाडेचं नाव दिलं.

यानंतरही धोका संपला नाही. १७ मे १८६५ च्या वादळात तर डझनाहून अधिक जहाजं गेली. 'अथेन्स' ही टपालाची आगबोट साखळ्या तुटल्यावर वाफेच्या जोरावर उपसागराबाहेर पडू पाहत होती. तिला उशीर झाला होता. ती खडकांवर फुटली आणि तिच्यावरचे सगळे खलाशी बुडाले. मुई पॉइंटजवळ तिच्या इंजिनाचा भाग आजही पाण्याबाहेर डोकावताना दिसतो.

त्या वेळी लाटा अडवणाऱ्या भिंतीचं काम सुरू झालेलं होतं. १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याच्या हस्ते पहिले दगड टाकले गेले होते. १८७० मध्ये त्याच्याच नावाची आल्फ्रेड गोदी सुरू झाली. आज पर्यटक जिथे कॉफी पितात तो 'व्ही अँड ए वॉटरफ्रंट' हा त्याच बंदराचा भाग आहे.

गोव्यात बांधलेल्या बोटींचा मुक्काम

आपल्याकडच्या शिडाच्या बोटींनाही हे बंदर ओळखीचं आहे. गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचा शेवटचा थांबा केप टाउन होता. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली, तेव्हा त्याही इथे थांबल्या.

अशा बोटी आता भिंतीच्या आतल्या बंदरात उभ्या राहतात. पण जगभर फिरणाऱ्या शिडाच्या बोटींना दर ठिकाणी असं बंदर मिळत नाही. कित्येक बेटांवर आणि किनाऱ्यांवर डोंगर, समोर उघडा समुद्र आणि आपला नांगर, एवढंच असतं. तेव्हा काय करायचं?

नांगर वजनाने धरत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. जड वस्तू पाण्यात सोडली की बोट थांबते, असं वाटतं. प्रत्यक्षात १२ मीटर लांबीच्या, काही टन वजनाच्या बोटीचा नांगर साधारण २० ते २५ किलोचा असतो. एक माणूस उचलू शकेल एवढाच.

नांगर धरतो तो जमिनीत घुसून. शेतातला नांगर जसा फाळ जमिनीत रुतवतो तसंच हेही. भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये शिडाच्या बोटींसाठी नवा नांगर तयार केला, तो तर थेट शेतातल्या नांगराच्या आकाराचा होता.

घुसण्यासाठी ओढ आडवी हवी. साखळी तळावरून आडवी ओढली गेली तर नांगर अधिक खोल जातो. ओढ वरच्या दिशेने आली तर तोच नांगर अलगद उपटला जातो. आपण निघताना नांगर वर काढतो तोही असाच, बोट बरोबर त्याच्या डोक्यावर नेऊन.

म्हणून साखळी लांब सोडावी लागते. साखळीचा काही भाग तळावर पडून राहतो आणि ओढ आडवी ठेवतो.

साखळी किती सोडायची?

साधा हिशोब असा आहे. पूर्ण साखळी असेल तर खोलीच्या किमान पाचपट. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट. वादळाची चिन्हं असतील आणि जागा असेल तर दहापटीपर्यंत.

इथे नवशिके एक चूक करतात. खोली म्हणजे फक्त यंत्रावर दिसणारा आकडा नाही. त्यात दोन गोष्टी मिळवायच्या असतात. भरतीला वाढणारं पाणी आणि पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंतची, म्हणजे पुढच्या टोकाची उंची.

समजा ओहोटीला ५ मीटर पाणी आहे. उधाणाच्या भरतीला दीड मीटर वाढणार. नाळ पाण्यापासून १ मीटर वर आहे. एकूण झाले साडेसात मीटर. पाचपट म्हणजे साडेसदतीस मीटर साखळी. ज्याने फक्त ५ मीटर धरून २५ मीटर सोडली, त्याच्याकडे भरतीच्या वेळी प्रत्यक्षात साडेतीनपटही साखळी नसते.

आणि वाऱ्याचा जोर सरळ रेषेत वाढत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरची ओढ चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. दुपारच्या १५ नॉटच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास, मस्त धरलेला नांगर रात्री डोंगरावरून ४५ नॉटचा झोत आला तर धरेलच असं नाही. अशा ओढीत साखळीचा झोल निघून जातो आणि ती ताठ होते. मग प्रत्येक लाटेचा हिसका थेट नांगराला बसतो.

त्यासाठी साखळीला नायलॉनचा एक दोर अडकवून बोटीची ओढ त्या दोरावर घेतात. नायलॉन ताणला जातो आणि झटका पचवतो. साखळीला ताण पचवता येत नाही.

खाली काय आहे?

घट्ट वाळू आणि चिकट चिखल उत्तम. मऊ, पातळ चिखलात नांगर बुडतो पण घसरत राहतो. खडकात तो अडकला तर अडकला, नाहीतर पोकळ भरवसा. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते, 'केल्प' नावाचं प्रचंड मोठं समुद्री शेवाळ. त्यातल्या एका जातीला तिथे 'समुद्री बांबू' म्हणतात. नांगर या झाडोऱ्यात गुंतला तर वरून तो धरल्यासारखा वाटतो. जोर आला की मुळासकट शेवाळ घेऊन निघतो.

तळ कसा आहे हे सागरी नकाशात लिहिलेलं असतं. पाणी नितळ असेल तर वाळूचा फिकट पट्टा डोळ्यांनीही दिसतो.

खोली निवडताना लाटांचाही विचार करावा लागतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे ३ मीटरची लाट सुमारे ४ मीटर पाण्यात फुटेल. शांत दिवशी किनाऱ्याजवळचं ४ मीटर पाणी छान वाटतं, पण वादळात नेमक्या त्याच जागी लाटा कोसळतात.

नांगर टाकायची पद्धत

१. आत शिरण्याआधी पुढच्या किमान २४ ते ४८ तासांचा अंदाज पाहा. फक्त आत्ताचा वारा नाही, तो कोणत्या दिशेला फिरणार हे महत्त्वाचं.

२. जागा निवडा. बोट नांगराभोवती पूर्ण गोल फिरली तरी किनारा, खडक किंवा दुसरी बोट त्या गोलात येता कामा नये. ४० मीटर साखळी सोडलेली १२ मीटरची बोट फिरली तर तिचं मागचं टोक नांगरापासून ५० मीटरपर्यंत जाऊ शकतं.

३. वाऱ्याकडे तोंड करून हळू या आणि ठरलेल्या जागी थांबा. बोट मागे सरकायला लागली की नांगर तळापर्यंत सोडा. साखळी एकदम ओतू नका, तिचा ढीग नांगरावर पडून गुंता होतो. बोट मागे जाईल तशी सोडत जा.

४. पुरेशी साखळी गेली की इंजिन हळूहळू उलटं चालवा. नांगर रुतला की बोट थांबते. आता किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत घ्या, उदाहरणार्थ पुढचं झाड आणि मागचं शिखर. जोर वाढवूनही रेषा मोडली नाही तर नांगराने धरलंय. मोडली तर उचला आणि पुन्हा टाका. खुणा जुळवून समुद्रातली जागा ओळखायची ही युक्ती कोकणातल्या मच्छीमारांनाही नवी नाही.

५. नायलॉनचा दोर लावा. मोबाइल किंवा जीपीएसवर नांगराचा अलार्म लावा. बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की तो वाजतो.

६. वारा वाढला तर अलार्मवर विसंबून सगळ्यांनी झोपू नका. पाळीपाळीने एकाने जागं राहायचं.

७. उजेड असतानाच बाहेर पडायचा मार्ग ठरवा. होकायंत्राची दिशा लिहून ठेवा. अंधारात, पावसात, डोंगराच्या काळ्या सावलीत हीच चिठ्ठी उपयोगी पडते.

८. साखळीचं शेवटचं टोक बोटीला साखळीने नाही, दोराने बांधा. वेळ आली तर दोर सुरीने कापून नांगर सोडून देता आला पाहिजे. त्याला तरंगती खूण बांधलेली असेल तर वादळ ओसरल्यावर परत येऊन तो शोधताही येतो.

मोठमोठे खलाशीही चुकतात

ही शेवटची दोन कामं बहुतेक जण टाळतात. त्याची किंमत डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या काबो सान लुकासने दाखवली.

बाहा कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाचा हा छोटा उपसागर वायव्येच्या नेहमीच्या वाऱ्यापासून आसरा देतो. पूर्व आणि आग्नेय बाजू मात्र उघडी आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याखाली खोल दरी आहे, त्यामुळे नांगरण्याजोगा पट्टा अरुंद. त्या आठवड्यात तिथे कित्येक शिडाच्या बोटी किनाऱ्याच्या जवळ, एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

८ डिसेंबरच्या रात्री वादळ नेमकं उघड्या बाजूने आलं. एक बोट निसटली की ती दुसरीवर जायची, तिची साखळी तोडायची आणि दोघी मिळून तिसरीवर. सकाळी दोन डझनांहून अधिक बोटी वाळूवर पडलेल्या होत्या.

त्यात 'जोशुआ'ही होती. बर्नार मोआतेसिए या फ्रेंच खलाशाची ही १२ मीटरची पोलादी बोट. १९६८-६९ च्या जगातल्या पहिल्या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत जिंकण्याची संधी असताना ती सोडून तो सरळ पुढे ताहितीला निघून गेला होता. दक्षिणेच्या महासागरातली वादळं पचवलेली बोट आणि तिचा कसलेला मालक, दोघं एका रात्रीत एका वाळूच्या किनाऱ्यावर हरले. 'जोशुआ' पुढे दुरुस्त झाली आणि आज ती फ्रान्समधल्या ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे आहे. त्या रात्री गेलेल्या अनेक बोटींना मात्र दुसरा जन्म मिळाला नाही.

भर समुद्रात बोटीला पळायला जागा असते. उघड्या उपसागरात ती एका साखळीने बांधलेली असते आणि मागे किनारा असतो. एवढाच फरक, पण तो जीवघेणा आहे.

मग निघायचं कधी?

याचं उत्तर 'वादळ आल्यावर' असं नाही. वारा उघड्या बाजूला फिरणार असा अंदाज असेल, लाटा आत यायला लागल्या असतील आणि हवेचा दाब झपाट्याने उतरत असेल, तर दिवस असेपर्यंत निघायचं. दुसरा आसरा जवळ असेल तर तिथे, नसेल तर किनाऱ्यापासून दूर मोकळ्या समुद्रात.

हा निर्णय अवघड असतो, कारण तो घ्यायचा असतो तेव्हा सगळं शांत दिसत असतं. जेवण तयार असतं, शेजारच्या बोटी उभ्याच असतात, डोंगर सुंदर दिसत असतो. 'अथेन्स'नेही निघायचा प्रयत्न केला होता, पण साखळ्या तुटल्यावर.

कोकणात हा निर्णय पिढ्यानपिढ्या एकेकट्या माणसावर सोडलेलाच नाही. पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच पुन्हा पाण्यात घालायच्या. डच कंपनीने शेकडो माणसं गमावल्यावर जो मे ते ऑगस्टचा नियम केला, त्यामागेही हेच शहाणपण होतं. काही दिवस समुद्राचे असतात, त्या दिवसांत तिथे उभं राहायचं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी टेबल माउंटनवरून ओसंडणाऱ्या ढगाचं रील समोर आलं, तर डोंगरासोबत खालच्या पाण्याकडेही एकदा पाहा. एखादी शिडाची बोट तिथे दिसलीच, तर तिच्यावर कुणीतरी त्या क्षणी नक्कीच साखळी मोजत असेल.